घरच्या मॉडेल रेल्वेचा सांगाडा: प्लायच्या एका शीटमधून दोन टेबलं

इंजिन आणलं, डबे आणले, रुळांचा सेट आणला, आणि चार दिवस गाडी हॉलच्या फरशीवर धावली. मग गिअरमध्ये केस आणि धूळ अडकायला लागली, झाडू मारताना एक सांधा मोडला आणि "हे काय ते वर कुठेतरी ठेव" असा घरातून हुकूम सुटला. इथून पुढचं काम रेल्वेचं कमी आणि सुतारकीचं जास्त. इंग्रजीत या पायाला बेंचवर्क म्हणतात, आपण सांगाडा म्हणू. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून आलेल्या माणसाला आधी डोंगर, बोगदे आणि सिग्नल सुचतात. साहजिक आहे. पण रुळाखालची पाटी वर्षभरात दोन मिलिमीटर वाकली तर डबा रोज त्याच जागी उतरतो, आणि तेव्हा डोंगर फोडूनच दुरुस्ती करावी लागते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पहिला सांगाडा खोलता आला पाहिजे. भाड्याचं घर बदलतं, भिंतीला रंग काढायचा असतो, मुलांची खोली मुलांना हवी असते, आणि पहिला लेआउट फारसा कुणाचा शेवटचा नसतो. म्हणून खाली सांगितलेल्या पद्धतीत आठ फुटी लेआउट चार-चार फुटांच्या दोन टेबलांत विभागला आहे. प्रत्येक टेबल दोन माणसं सहज उचलतात, आणि साधारण तीन फुटी दारातून ते आरामात बाहेर जातं.

आधी टेप, मग करवत

खोलीत टेप घेऊन उभे राहा. भिंतीला लावून ठेवायचं टेबल दोन फुटांपेक्षा खोल करू नका. हात अडीच फुटांपर्यंत पोचतो, नाही असं नाही, पण पुढच्या रुळावरची गाडी शर्टाच्या बाहीने आडवी करतच पोचतो.

अमेरिकन मासिकांमुळे आठ बाय चारचं सलग टेबल ही सुरुवातीची ठरीव कल्पना होऊन बसली आहे. तिकडे ते तळघरात किंवा गॅरेजमध्ये मावतं. आपल्याकडे चार फूट रुंद टेबलाला दोन्ही बाजूंनी फिरायला किमान दोन-दोन फूट सोडले की आठ फूट झाले, आणि लांबीकडून एका टोकाला वाट ठेवली की दहा. म्हणजे दहा बाय दहाची अख्खी बेडरूम गेली. शिवाय आठ फुटी पाटी बहुतेक लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर अडते. त्यापेक्षा भिंतीलगत आठ बाय दोन फूट ही जागा कुठल्याही घरात मागता येते.

या दोन फुटांत काय बसेल ते तुमच्या स्केलवर, म्हणजे गाडी खऱ्यापेक्षा किती पट लहान आहे त्यावर, ठरतं. एन स्केलचा, म्हणजे ९ मिमी गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), २४९ मिमी त्रिज्येचा वळणाचा सेट मिळतो. त्याचं पूर्ण वर्तुळ रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४९८ मिमी भरतं. टेबल ६०८ मिमी खोल होणार आहे, तेव्हा दोन्हीकडे साडेपाच सेंटिमीटर उरतात आणि गाडीला गोल फेरी मिळते. एचओ किंवा ओओ या मोठ्या स्केलचं तसं नाही. तिथे गेज १६.५ मिमी आणि लहानातलं चालण्याजोगं वळण साधारण ४५७ मिमी त्रिज्येचं, म्हणजे वर्तुळालाच तीन फूट लागतात. एचओवाल्यांनी आठ बाय दोनमध्ये फेरीचा हट्ट सोडून एखादं टर्मिनस किंवा मालधक्क्याचं यार्ड करावं. मला विचाराल तर शंटिंगमध्ये, म्हणजे डबे जोडत-सोडत मागेपुढे हलवण्यात, गोल फेरीपेक्षा जास्त रस आहे, पण हे मत घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला पटणार नाही.

उंचीचं म्हणाल तर, बसून खेळणार असाल तर अडीच फूट पुरे. उभं राहून चालवणार असाल तर रूळ कोपराच्या आसपास, साधारण बेचाळीस इंचांवर घ्या. गाडी डोळ्यांच्या जितकी जवळ, तितकी ती खरी वाटते. मुलांसाठी एक भक्कम स्टूल ठेवा.

प्लायच्या दुकानात

आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमीची, १२ मिमी जाडीची एकच शीट घ्या. दुकानदार एमआर, बीडब्ल्यूआर आणि मरीन अशा तीन जाती दाखवेल. एमआर फक्त दमटपणा सोसते, पाणी नाही. पुणे, नाशिक, नागपूरकडच्या कोरड्या खोलीत ती चालून जाते. मुंबई, कोकण, गोव्यात सरळ बीडब्ल्यूआर घ्या, ती पाणीही सोसते. आयएस ७१०चा शिक्का असलेली मरीन प्लाय उत्तमच, पण ती स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या कामासाठी. गाडीखाली एवढा खर्च करण्यापेक्षा त्या पैशात दोन टर्नआउट, म्हणजे रुळाला फाटा फोडणारे सांधे, येतील.

शीट घेताना उभी धरून एका डोळ्याने कड बघा, बाक आलेली असेल तर दुसरी काढायला सांगा. कडेवरचे थर नीट बघा. मध्ये पोकळी दिसली तर स्क्रू नेमका तिथेच जाणार असं समजा.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड स्वस्त आणि गुळगुळीत असतात, पण वजनदार. साधा एमडीएफ पाणी प्यायला की फुगतो तो पुन्हा बसत नाही. डोंगर-झाडं करताना आपण पातळ केलेला फेविकॉल आणि पाणी फवारतो, तेव्हा हा माल इथे नकोच.

प्लायशिवाय लाकडाच्या वखारीतून दोन गोष्टी आणा: एक इंची चौरस पट्टी चाळीस फूट आणि दीड इंची चौरस पट्टी पाच फूट. पाइन चालेल, सागवानाची गरज नाही. पावसाळ्यात आणलेली पट्टी ओली असते. ती लगेच वापरू नका. घरात आडवी, मध्ये तुकडे सारून हवा खेळेल अशी दोन-तीन आठवडे ठेवा. ज्या पट्ट्यांना पीळ पडायचा त्यांना तेवढ्यात पडतो, आणि त्या बाजूला काढता येतात. दिवाळीनंतर काम काढलंत तर हा त्रास निम्मा होतो.

कापणी

आता हिशेब. करवतीचं पातं दर कापाला ३ मिमी खातं, ते धरूनच मापं सांगा. शीट आधी मधोमध आडवी कापा. १२१८ मिमी लांबीचे दोन तुकडे होतील. पहिला तुकडा लांबीच्या दिशेने मधोमध चिरला की १२१८ बाय ६०८च्या दोन पाट्या मिळतात. हे झाले दोन टेबलांचे वरचे भाग.

दुसऱ्या तुकड्याच्या १०० मिमी रुंदीच्या पट्ट्या काढा, १२१८ मिमी लांबीच्या. अकरा निघतात. पट्ट्यांची लांबी शीटच्या आठ फुटी दिशेनेच राहू द्या, कारण वरच्या थराचे रेषे त्या दिशेने असतात आणि पट्टी त्यामुळे कमी वाकते. चार पट्ट्या दोन्ही टेबलांच्या लांब बाजूंना. आणखी चार पट्ट्या मधे कापून ५८४ मिमीचे आठ आडवे तुकडे करा, दर टेबलाला चार. तीन पट्ट्या उरतात, त्या पुढे लागतील.

हे काम हाताच्या करवतीने करू नका. प्लायच्या दुकानाजवळ टेबल-सॉ असलेला सुतार बहुधा असतोच. कागदावर आकृती काढून द्या आणि सगळ्या पट्ट्या मशीनची एकच सेटिंग ठेवून काढायला सांगा. पट्टी १०० ऐवजी ९९ मिमी झाली तरी काही बिघडत नाही, मात्र सगळ्याच ९९ हव्यात.

मिस्त्रींना पूर्ण कामच दिलंत तर सवयीने ते फेविकॉल ओतून खिळे ठोकतील, वर सनमायका लावू का विचारतील आणि "साहेब, वीस वर्षं हलणार नाही" म्हणून सांगतील. आपल्याला नेमकं तेच नको आहे. कापणी त्यांची, जोडणी आपली.

चौकट

जोडण्याआधी प्रत्येक ५८४ मिमी तुकड्याच्या मधल्या रेषेवर, दोन्ही टोकांपासून १५० मिमीवर, २५ मिमीचं एकेक भोक पाडा. वायर इथून जाणार. सांगाडा झाल्यावर टेबलाखाली उताणं पडून हीच भोकं पाडणं म्हणजे डोळ्यांत भुसा आणि तोंडात शिव्या.

१२ मिमी प्लायच्या कडेत स्क्रू मारला की थर फाकतात. म्हणून आडवा तुकडा बाजूच्या पट्टीला थेट स्क्रूने जोडायचा नाही. दीड इंची पट्टीचे ७५ मिमीचे सोळा ठोकळे कापा. प्रत्येक जोडाच्या आतल्या कोपऱ्यात एक ठोकळा बसवायचा आणि दोन्ही प्लाय बाहेरून त्या ठोकळ्यात स्क्रूने आवळायच्या.

आता टेबलाची वरची पाटी फरशीवर पालथी टाका. आपल्या फरशीला कुठेतरी उतार असतोच, तेव्हा पाटीच्या खाली कागदाच्या घड्या सारून ती डगमगणार नाही अशी करा. याच पाटीवर चौकट उलटी उभी करायची: दोन लांब पट्ट्या बाहेरून, चार आडवे तुकडे आत, टोकांना दोन आणि मधले दोन समान अंतरावर. दोन तुकड्यांमधलं अंतर साधारण ४० सेंटिमीटर पडतं. १२ मिमी प्लायला एवढा आधार पुरतो. ९ मिमी वापरणार असाल तर ३० सेंटिमीटरवर या. ठोकळे पाटीपासून २५ मिमी उचलून लावा, ती जागा वरच्या पट्टीसाठी राखीव आहे.

आवळण्याआधी कर्ण मोजा. कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप लावला की दोन्हीकडे १३६१ मिमीच्या आसपास भरलं पाहिजे. आकडा एखाद मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण दोन्ही कर्ण सारखे हवेत. गुण्या एक कोपरा तपासतो, कर्ण एका दमात चारही तपासतो.

स्क्रू सगळीकडे एकाच मापाचा, ३२ मिमी. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू स्वस्त असतात पण डोकं मोडतं, आणि किनारपट्टीवर एका पावसाळ्यात गंजतात. चार पैसे जास्त गेले तरी स्टेनलेस स्टीलचे घ्या. आधी २.५ मिमीचं भोक पाडून मगच स्क्रू. या ठोकळ्यांच्या जोडांना फेविकॉल लावायला हरकत नाही, कारण चौकट कधीच सुटी करायची नाही. फेविकॉलला एवढीच परवानगी.

मग एक इंची पट्टीचे तुकडे चौकटीच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेला बरोबर समतल असे लावा. चौकट पाटीवर पालथी असल्यामुळे पट्टी खाली टेकवली की ती आपोआप समतल बसते. रंधा मारल्यावर एक इंची पट्टी २२ मिमीच्या आसपास भरते. आता खालून, पट्टीतून वरच्या पाटीत स्क्रू मारा: ३२ वजा २२, म्हणजे १० मिमी पाटीत शिरेल, पाटी १२ मिमीची आहे, तेव्हा टोक वर येणार नाही. मात्र स्क्रूचं डोकं पट्टीत खोल बुडवू नका, नाहीतर ते दोन मिमी तिथेच संपतात. तुमची पट्टी २२ पेक्षा बारीक निघाली तर स्क्रूही आखूड घ्या.

खालून स्क्रू मारायचं कारण असं की उद्या वर रूळ, खडी, गवत सगळं झालं आणि एखादी पाटी बदलावी लागली, तर वरच्या देखाव्याला हात न लावता ती सुटते. अमेरिकेतल्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६०च्या दशकात एल-गर्डर नावाची पद्धत रूढ केली, तिचं मर्मही हेच. दोन पट्ट्या काटकोनात जोडून उलट्या एलसारखी तुळई करायची आणि आडव्या पट्ट्या तिच्या ओठातून खालून स्क्रूने धरायच्या, म्हणजे कुठलीही पट्टी कधीही सरकवता येते. मोठी खोली आणि वेडीवाकडी कड असेल तर ती पद्धत शिका. आठ बाय दोनसाठी चौकटच बरी.

पाय

दोन इंची चौरस लाकडाचे पाय, ठोकळ्याला लागून लांब बाजूच्या आत, प्रत्येकी दोन ६ मिमी नट-बोल्टने, हा नेहमीचा मार्ग. बोल्टला दोन्हीकडे वॉशर घाला. उरलेल्या प्लायच्या पट्ट्यांतून तिरक्या आधारपट्ट्या काढून लावा, त्यांच्याशिवाय टेबल डोलतं. पायांच्या तळाला फिरवून उंची बदलणारे लेव्हलर बसवा.

मी मात्र लोखंडी अँगलचं रॅक सुचवीन. दुकानात, गोदामात असतं तेच, भोकाभोकांचं, नट-बोल्टचं. ३६ बाय १८ इंची दोन रॅक घ्या, उभे अँगल दुकानातच ३८ इंचांवर कापून घ्या आणि सर्वांत वरचा पत्रा अगदी टोकाला लावा. टेबलाचे मधले दोन आडवे तुकडे त्या पत्र्यावर टेकतात आणि छोट्या एल-पट्ट्यांनी आवळले जातात. चौकटीची उंची आणि पाटी मिळून ११२ मिमी धरली की वरची पातळी बेचाळीस इंचांच्या थोडी पुढे जाते. टेबल रॅकच्या पुढे तीन इंच येतं, त्यामुळे उभं राहताना पायाचा अंगठा आपटत नाही. खालच्या कप्प्यांत डबे, हत्यारं, रंग राहतात, आणि तळाला वजन असलं की रॅक पुढे झुकत नाही. दोन्ही रॅक एकमेकांना आडव्या अँगलने बांधून टाका. लहान मुलं घरात असतील तर भिंतीलाही एक क्लॅम्प घ्या.

भिंतीत ब्रॅकेट ठोकून टेबल तरंगतं ठेवण्याची कल्पना दिसायला सुंदर आहे. पण नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतींत साधा प्लग धरत नाही, आणि भाड्याच्या घरात मालकाला भोकं आवडत नाहीत.

दोन टेबलं जोडताना

दोन्ही टेबलं रॅकवर शेजारी ठेवा, वरच्या पाट्या समतल करा, टोकाच्या पट्ट्या दोन सी-क्लॅम्पने घट्ट आवळा आणि दोन्हींतून एकदमच ८ मिमीची दोन भोकं पाडा. वेगवेगळी मोजून पाडलेली भोकं जुळत नाहीत. बोल्ट आवळायचं काम करतो, पण भोकात तो थोडा हलतो, त्यामुळे रूळ पुन्हा तंतोतंत जुळवण्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. स्वस्तातला उपाय म्हणजे पितळी बिजागरी. ती सांध्यावर बसवायची, एक पान इकडे, एक तिकडे, आणि मधली खिळी काढून तिच्या जागी ओढून काढता येईल अशी तार घालायची. सांध्याच्या पुढे एक, मागे एक. टेबलं सुटतात आणि पुन्हा त्याच जागी येतात.

पुढे रूळ टाकताना ते सांध्यावरून अखंड टाका, दोन्ही बाजूंना पक्के करा आणि मग पातळ ब्लेडने सांध्यावर कापा.

घाटाचा मोह

महाराष्ट्रात राहून मॉडेल रेल्वे करणाऱ्याला बोरघाट सुचला नाही तरच नवल. तिथला चढ ३७ला १, म्हणजे सुमारे २.७ टक्के, आणि खऱ्या गाडीलाही मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावे लागतात. माथेरानची दोन फुटी लाइन तर २०ला १ चढते. मॉडेलमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर एचओला साधारण १० सेंटिमीटर उंची हवी. २ टक्क्यांच्या चढाने त्याला पाच मीटर लागतात, बोरघाटाच्या चढाने ३.७ मीटर. आपली अख्खी लांबी अडीच मीटरही नाही. तेव्हा एचओत वरून-खालून जाणारे रूळ इथे विसरा.

मात्र एखादा फाटा हळूहळू दोन-तीन सेंटिमीटर चढवता येतो, आणि त्यासाठी पाटी पूर्ण झाकलेली ठेवायची नाही. रूळ जाणार त्याच्या दोन्ही बाजूंनी जिग-सॉने पाटी चिरायची, पण सपाटीकडचं टोक तोडायचं नाही. मोकळी झालेली पट्टी उचलून तिच्याखाली, आडव्या तुकड्यांच्या अंगाला, उरलेल्या प्लायचे उभे आधार स्क्रूने लावायचे. प्लाय स्वतःच मऊ बाक घेते, चढाची सुरुवात अचानक होत नाही आणि इंजिनाचं पुढचं चाक उचललं जात नाही. दरी हवी असेल तर तिथली पाटी कापून काढा आणि तळ खाली चौकटीच्या बुडाशी घ्या. दरी नंतर खणता येत नाही, म्हणून हे रूळ टाकण्याआधी ठरवा.

नाला, ओढा, शेताचा बांध एवढंच हवं असेल तर पाटीवर २५ मिमीचा एक्सपीएस फोम चिकटवा, गच्चीच्या उष्णतारोधक कामात वापरतात तो. साधा थर्मोकोल कापताना त्याचे दाणे महिनाभर घरात उडत राहतात. सनमायकाचं रबरी सोल्युशन फोमला लावू नका, ते त्याला खातं.

ओल, वाळवी, आणि थोडी वाट

रूळ टाकण्यापूर्वी सगळ्या लाकडाला, आतून-बाहेरून, वरून-खालून, प्रायमरचा हात द्या. एकाच बाजूला रंग दिलेली पाटी दुसऱ्या बाजूने ओल पिते आणि बाक धरते. कापलेल्या कडा आणि वायरची भोकं दोनदा रंगवा, पाणी तिथूनच शिरतं. टेबल भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा. पावसाळ्यात भिंत ओली होते, आणि वाळवीही तिच्याच आधाराने चढते. मधल्या फटीतून गाडी पडू नये म्हणून मागच्या कडेला पातळ प्लायचा किंवा फोमशीटचा आडोसा लावा. तोच पुढे आकाश रंगवायला कामी येतो.

सांगाडा उभा झाला की लेव्हल लांबीत, रुंदीत आणि तिरकी अशी तीन दिशांनी बघा. मग पंधरा-वीस दिवस त्याला तसाच राहू द्या, खालच्या कप्प्यांत सामान भरा, आणि पुन्हा लेव्हल लावा. रॅकचे बोल्ट एव्हाना थोडे बसलेले असतील, ते आवळा. एका पायाखाली पातळ रबराची चकती सारावी लागली तर आत्ताच सारा, मगच खोक्यातून रूळ बाहेर काढा.